कतारचे सपाट किल्ले आणि एक घडीची खुर्ची

ज्या देशात डोंगर नाही त्या देशात सासऱ्यांना किल्ले दाखवायला न्यायचं, ही कल्पना माझी. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माझ्या कल्पनांचा अनुभव आहेच. नव्यांसाठी सांगतो, मी मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं कतारमध्ये आहे. अल गराफाला एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि हमद पोर्टवर कोणता कंटेनर कुठे ठेवायचा हे ठरवायचं काम करतो. घरात माझे मोजे कुठे ठेवायचे हे माझी बायको मेधा ठरवते.

मेधाचे वडील म्हणजे अण्णा. जुन्नरजवळच्या गावचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले, आणि गडवेडे. साधे गडवेडे नाहीत. दर रविवारी गडावर जाऊन तिथली पाण्याची टाकी साफ करणाऱ्या मंडळींपैकी. चावंड, हडसर, जीवधन, आजूबाजूच्या प्रत्येक गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांमधला गाळ या माणसाने घमेल्याने उपसलेला आहे. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. अण्णांनी त्याच आठवड्यात सॅक, दोर, काठी सगळं मंडळींमध्ये वाटून टाकलं आणि घरात बसले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे बसले ते एकटेच. म्हणून डिसेंबरात आम्ही त्यांना इकडे आणलं. इथेही ते बसलेच. खिडकीतून वर्ल्ड कपच्या तयारीच्या क्रेन दिसायच्या, त्या बघत.

जानेवारीतल्या एका गुरुवारी जेवताना म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करा. हितं बसायचं ते तिथं बसीन."

मेधाला ते पाडव्यापर्यंत हवे होते. ती स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "तू काहीतरी कर. तिथे गेले की त्या खोलीतून बाहेरच पडणार नाहीत ते. मला भीती वाटते रे."

तिने 'काहीतरी' म्हटलं होतं. मी बाहेर येऊन म्हणालो, "अण्णा, इथेही किल्ले आहेत बरं का!"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फ्यूज उडाल्याची तक्रार घेऊन आलोय आणि मेन स्विचच लावलेला नाही. "डोंगर कुठाय?"

"डोंगर नाही, पण किल्ले आहेत. उत्तरेला, किनाऱ्याच्या कडेने. लढाया झाल्यात तिथे."

"चढ पायजे, दरवाजा पायजे, पाणी पायजे. आन् कशासाठी राखला ते बघितल्यावर कळलं पायजे. मग त्याला गड म्हणायचं. बाकीची नुसती बांधकामं."

इथे गप्प बसायला हवं होतं. मी पैज लावली. तिथला एक जरी किल्ला अण्णांनी मान्य केला, तर ते पाडव्यापर्यंत थांबणार. नाही केला, तर रविवारी मी स्वतः तिकीट बदलून देणार. अण्णांनी हसून टाळी दिली. महिन्याभरात ते पहिल्यांदा हसले होते, आणि ते मी हरणार या खात्रीने.

शुक्रवारी मी खरेदीला गेलो. नवे ट्रेकिंगचे बूट, जाड दोर, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि चालायची काठी. कतारच्या उत्तर भागाची समुद्रसपाटीपासूनची उंची मी आमच्या इमारतीच्या गच्चीशी ताडून पाहिली असती, तर यातलं काही लागणार नाही हे कळलं असतं. अण्णांच्या गुडघ्यांसाठी म्हणून एक घडीची खुर्चीही घेतली, निळ्या कापडाची, खांद्याला अडकवता येणारी. ही एकच वस्तू मी विचार करून घेतली होती, आणि तिच्यावरून दिवसभर सर्वात जास्त बोलणी खाल्ली.

शनिवारी सकाळी निघालो. प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी माहिती: दोह्याहून उत्तरेकडे जाणारा शमाल रोड धरायचा, तो थेट टोकापर्यंत जातो. रस्ता उत्तम आहे, टोल नाही, पेट्रोल लिटरमागे दोन रियालच्या आसपास, किल्ल्यांना प्रवेश फुकट. नोव्हेंबर ते मार्च सोडून इतर वेळी जाऊ नका. आणि वर्ल्ड कपआधी जात असाल तर मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. परवा होता तो फाटा आज नारिंगी शंकूंनी बंद असतो आणि जिथे काही नव्हतं तिथे उड्डाणपूल उभा असतो. मी पोर्टवर अजस्र जहाजं वेळेत रिकामी करवतो, पण उम्म सलालचा फाटा दोनदा चुकलो.

"जावईबापू, ह्यो तंबू मघाशीबी लागला होता," दुसऱ्यांदा तीच पाटी आली तेव्हा अण्णा म्हणाले. तंबू म्हणजे रस्त्याकडेला मजुरांच्या चहासाठी बांधलेलं हिरवं कापड.

पहिला थांबा बर्झानचे बुरूज. उम्म सलाल मोहम्मद गावात, खजुरांच्या बागांजवळ दोन उंच टेहळणीचे बुरूज आहेत, प्रवाळ-दगड आणि चुन्यात बांधलेले. बाहेरून जिना आहे. त्या दिवशी तो बंद होता. मी मनातून सुटकेचा श्वास सोडला, कारण अण्णांची नजर पायऱ्यांवर आणि हात गुडघ्यावर गेलेला मी पाहिला होता. मी लगबगीने खुर्ची उघडली.

"हे काय?"

"बसा ना, अण्णा."

"गडावर खुर्ची घेऊन आलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतोय." ते उभेच राहिले. बुरुजाला एक चक्कर मारली, दगडावर हात फिरवला. "बुरूज चांगला हाये. पण गड कुठाय? नुसता बुरूज म्हंजी मिशा हायेत आन् माणूस न्हाई."

पहिली फेरी माझ्या हातून गेली. खुर्ची घडी करताना माझं बोट तिच्यात अडकलं, हे त्यांनी पाहिलं नाही असं मी समजून चालतो.

अल खोरच्या फाट्याजवळ करक चहा प्यायलो. करक म्हणजे दूध आटवून, वेलची घालून उकळलेला चहा. दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की पोऱ्या खिडकीशी कागदी कप आणून देतो. रियाल-दोन रियालचं काम. अण्णांना हे हॉर्न प्रकरण पटलं नाही. उतरून, काउंटरपाशी जाऊन, चहावाल्याला "शुक्रन", म्हणजे धन्यवाद, म्हणून आले. महिन्याभरात शिकलेला एकमेव अरबी शब्द, आणि तोही माझ्यापेक्षा चांगल्या उच्चारात. तिथून लांबवर अल खोरचं नवं स्टेडियम दिसत होतं. ते मात्र खरंच वाळवंटातल्या मोठ्या तंबूच्या आकाराचं बांधलंय.

"केवढा ह्यो तंबू! आन् आत?"

"आत बावीस जण आणि एक चेंडू, अण्णा."

"मग यात राखायचं काय?" असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

उत्तरेकडे वळल्यावर जमीन आणखी सपाट होते. सपाट म्हणजे किती, तर लांबचा उंट क्षितिजावर पूर्ण दिसतो, पायांसकट. मी मात्र झुबाराचं भाषण मनात घोकत होतो. झुबारा हे इथलं सर्वांत नावाजलेलं ठिकाण, जागतिक वारसा यादीतलं. मोत्यांच्या व्यापाराचं जुनं बंदर, भोवती तट, हल्ला, जाळपोळ, नंतर ओसाड. आणि जवळच एक देखणा, चौकोनी, मातकट रंगाचा किल्ला.

गाडी लावल्यावर मी त्या किल्ल्याकडे हात केला. "अण्णा, शेकडो वर्षं या तटांनी समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला तोंड दिलंय. या बुरुजांनी किती लढाया पाहिल्या असतील!"

अण्णा तोवर चष्मा लावून पाटीसमोर पोहोचले होते. "एकोणीसशे अडतीस," ते म्हणाले.

"काय?"

"अडतीस साली बांधलाय. किनाऱ्यावरच्या पहाऱ्यासाठी, चौकी म्हणून. आमची आक्का सदतीसची हाये. मग तिच्या घराबाहेरबी एक पाटी लावा."

मी पाटी वाचली. तसंच लिहिलं होतं, अरबीत आणि इंग्रजीत. इतकी वर्षं इथे राहून, पाहुण्यांना इथे आणून, मी ती कधी वाचली नव्हती. मी दर वेळी किल्ल्यासमोर उभा राहून फोटो काढत होतो आणि पाहुण्यांना हीच शेकडो वर्षं ऐकवत होतो. त्या सगळ्या पाहुण्यांची मी इथे जाहीर माफी मागतो. तुमच्या फोटोखालच्या ओळी बदलून घ्या.

आत मात्र अण्णा रमले. आतल्या चौकात फिरले, जाड भिंतींतल्या खोल्यांचा गारवा अनुभवला, वरून खाली मारा करायच्या फटी वाकून बघितल्या. मी दोनदा खुर्ची उघडली, त्यांनी दोनदा ती बंद करायला लावली. चेहऱ्यावर दुखणं दिसत होतं तरी बसले नाहीत. मग एका माहितीफलकापुढे बराच वेळ उभे राहिले.

"जावईबापू, हे इंग्रजी लई लांबलचक हाये, काय लिवलंय ते नीट सांगा. तुमचं काही घालू नका मधी."

मी काही न घालता सांगितलं. जुन्या झुबारा गावात गोडं पाणी नव्हतं. विहिरी आतल्या बाजूला, गावापासून लांब. पाणी तोडलं की गाव संपलं. म्हणून त्या विहिरींवर मुरैर नावाचा किल्ला बांधला, आणि पाणी आणणाऱ्यांना आडोसा म्हणून गावापासून त्या किल्ल्याच्या दिशेने दोन तट घातले.

"कुठाय तो?"

त्याचं आता फारसं काही उरलेलं नाही. वाळूत भिंतींच्या पायाचे उंचवटे आणि पसरलेले दगड. अण्णांना तिथवर जायचंच होतं. वारा बोचरा होता, त्यांनी कानटोपी ओढली आणि काठी टेकत निघाले. ती काठी माझी होती, सकाळी जिची त्यांनी टिंगल केली होती. पोहोचल्यावर ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, मग मागे वळून विहिरींच्या बाजूला पाहिलं, मग पुन्हा समुद्राकडे.

"आपल्याकडं आधी डोंगर बघत्यात. मग त्यावर पाणी कसं साठवायचं ते," ते म्हणाले. "हितं आधी पाणी बघितलं. मग त्याच्याभवती भिंत."

"मग मान्य?"

"दरवाजा दाखवा." मी दगडांकडे पाहिलं. दरवाजा नव्हता. "अशा विहिरी राखलेले अजून किल्ले हायेत का? उभे असलेले?"

आहेत. या भागात असे छोटे वाळवंटी किल्ले दोन-तीन आहेत, विहिरींपाशी बांधलेले, नंतर डागडुजी केलेले. त्यातल्या एकाकडे आम्ही निघालो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे आम्ही जे केलं ते नियमात बसतं की नाही हे मला अजून माहीत नाही. वाटेत रस्त्याकडेला मेधाने दिलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. तुम्हाला भाकरी बांधून देणारं कोणी नसेल, तर पुढे रुवैस बंदराच्या गावात केरळी हॉटेलं आहेत, परोटा आणि तळलेला मासा स्वस्तात आणि चांगला मिळतो. शेवटचा तुकडा कच्च्या रस्त्याचा आहे. साधी गाडी जाते, फक्त चाकोरी सोडू नका.

किल्ला लहानसा, एकटा. चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यातला एक बाकीच्या तिघांपेक्षा वेगळ्या आकाराचा. लाकडी दरवाजा उघडा होता. अण्णा उंबऱ्याशी थांबले, वाकता येत नव्हतं म्हणून काठीचं टोक उंबऱ्याला लावून हात कपाळाला नेला. आपल्याकडे गडाच्या दरवाजात करतात तसं. त्या क्षणी मी पैज अर्धी जिंकलो होतो, पण मला ते सुचलंच नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी टॉर्च शोधण्याचं नाटक करत होतो.

आतल्या चौकात विहीर. तोंडावर लोखंडी जाळी, आणि जाळीवर सहलींचा इतिहास: पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, कागदी कप. काही बाटल्या जाळीच्या एका तुटलेल्या मोठ्या भोकातून आत, खालच्या कपारीत पडल्या होत्या.

अण्णांनी काठीने जाळीवरची एक बाटली हलवून बघितली. मग म्हणाले, "ती खुर्ची आणा."

मला आधी कळलंच नाही.

"आवो, खुर्ची! हुभ्यानं व्हायचं न्हाई हे."

मी खुर्ची विहिरीशी मांडली. अण्णा बसले. वर्षभर ज्या माणसाने गुडघ्यांशी अबोला धरला होता, तो त्या निळ्या कापडावर आरामात बसला आणि मला कामाला लावता झाला. काठीने जाळीवरचं ओढायचं. गाडी धुवायच्या बादलीला माझा नवा दोर बांधायचा, बादली त्या भोकातून खाली सोडायची, तिची कड बाटलीला लावून बाटली आत ओढायची. सकाळपासून ओझं म्हणून वागवलेल्या माझ्या साऱ्या वस्तू एकाच वेळी उपयोगी पडल्या, फक्त मी सोडून. पहिल्या तीन खेपा रिकाम्या आल्या.

"दोर ढिला सोडा, ढिला! कंटेनर न्हाई तो!"

चौथ्या खेपेला बाटली वर आली आणि त्याच वेळी दरवाजातून आवाज आला, "ए भाई! क्या कर रहे हो? खोदना मना है!"

पहारेकरी होता, पाकिस्तानी, दाढीवाला, पिकअपमधून उतरून धावत आलेला. त्याच्या दृष्टीने बघा: वारसास्थळाच्या विहिरीवर दोन माणसं, एकाच्या हातात दोर, कपाळावर टॉर्च, शेजारी एक वयस्क म्होरक्या खुर्चीत बसून हुकूम सोडतोय. मी घाईघाईने अरबी, हिंदी आणि इंग्रजी एकत्र करून "नो प्रॉब्लेम, खलास, हम जा रहे हैं" वगैरे म्हणू लागलो.

अण्णा खुर्चीतून हलले नाहीत. "खोद नहीं रहे बाबा," ते म्हणाले. "पानी के उप्पर कचरा नै रखने का. किला इसके वास्ते हैना? तुम भी इसके वास्तेच हो."

त्याने विहिरीत डोकावलं, मग बादलीत, मग माझ्या टॉर्चकडे जरा जास्तच वेळ. आणि तडक पिकअपकडे गेला. आता पोलीस, असं मला वाटलं. तो काळी कचऱ्याची पिशवी घेऊन आला आणि तोंड उघडून धरलं. "यल्ला, जल्दी करो चाचा. आइंदा पहले बताना." शेवटच्या बाटल्या त्याने स्वतःच काढल्या, माझ्या हातून दोर घेऊन, पहिल्याच खेपेला.

तो गेल्यावर अण्णांनी चौकात नजर फिरवली. "दरवाजा हाये. पाणी हाये. कशासाठी राखला ते कळतंय." मग म्हणाले, "चढ न्हाई. पण चढ आता मलाबी नको. गड हाये हा. जिंकलात तुम्ही."

परतीच्या वाटेवर मी मेधाला फोन करून विजयाची बातमी दिली आणि त्या आनंदात पुन्हा फाटा चुकलो. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते नाणेघाटाबद्दल बोलत होते. तिथे वर गाडी जाते, पुढे सपाटीने चाललं की कातळातली टाकी आहेत. व्यापाराची जुनी वाट, राखायला शेजारी जीवधन. "आमच्या लोकांनी तिथल्या वरच्या टाक्यांना कधी हात लावला न्हाई. मीच लावू दिला न्हाई. चढ न्हाई, सहलीवाले येतात तिथं, आपलं काय काम, म्हणायचो." अल गराफा येईपर्यंत गाळ कुठून काढायचा हे ठरलं होतं.

आता हिशेब करतो, काय मिळालं याचा. किल्ले बघायचे असतील तर एक दिवस पुरतो. झुबाराला पाटी वाचा. सोबत बादली ठेवा, पण आधी पहारेकऱ्याला विचारा. ट्रेकिंगचे बूट घेऊ नका.

रविवारी मी पोर्टवरून परतलो तेव्हा अण्णा बाल्कनीत फोनवर होते, त्याच खुर्चीत बसून. गावाकडच्या त्यांच्या मित्राला, सोपानरावांना सांगत होते, "न्हाई न्हाई, पाडव्यानंतरच. जावयाला शब्द दिलाय. ऊन तापंल तोवर, पण काय करणार. आन् माझ्याबिगर सुरू करू नका, तुम्ही नको तिथनं गाळ फोडाल."

मेधा दारात उभी होती, हाताला कणीक. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तिने हात धुतले, लॅपटॉप आणला आणि त्यांच्यासमोर बसली.

"अण्णा, तिकीट अलीकडच्या कुठल्या तारखेचं करू?"

"आगं, पण पैज..."

"पैज यांनी लावली होती. मी नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिकीट बदलायचे पैसे मीच भरले, म्हणजे पैज जिंकूनही हरलेल्याची शिक्षा मला झाली. मेधा रडत होती आणि हसत होती, आणि मला म्हणाली, "थांबवायला पाठवलं होतं तुला." तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

ते गेल्यावर आठवड्याने मी गाडीची डिकी आवरली. दोर होता, टॉर्च होता, काठी होती. खुर्ची कुठेच सापडली नाही. मेधाला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं.

मग एका रविवारी सोपानरावांनी फोटो पाठवला. नाणेघाटाच्या वरचं एक टाकं, अर्धा गाळ काढलेलं, घमेली घेऊन रांगेत उभी असलेली माणसं. आणि काठावर, सगळ्यांना हात करून काहीतरी ओरडत, निळ्या कापडाच्या खुर्चीत बसलेले अण्णा.